लीड्सहून आलेलं बी निफाडला का पोसलं नाही: मोठ्या कांद्याचं एक प्रकरण

निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या वावरात लागोपाठच्या दोन रब्बी हंगामांत जे घडलं, त्याची ही नोंद. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणू. अण्णांच्या घरी उन्हाळ कांदा पिढ्यान् पिढ्या आहे. डोंगळे (बी धरणारे फुलांचे दांडे) घरचे, उळं (कांद्याचं बी) घरचं, रोप घरचं, साठवणीची चाळ घरची. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून आलेला एन-२-४-१ हा वाण त्यांनी दरवर्षी निवड करत इतका सांभाळला आहे की आसपासचे शेतकरी त्यांच्याकडून उळं नेतात. मी कांदा उत्पादकांना सल्ला देण्याचं काम करतो, त्या निमित्ताने त्यांच्याकडे माझं जाणं-येणं आहे.

सुरुवात झाली ती भाच्यामुळे. तो इंग्लंडात लीड्सला नोकरी करतो. तिथून गाडीने तासाभराच्या आत दरवर्षी सप्टेंबरात हॅरोगेटचं पुष्पप्रदर्शन भरतं आणि त्यात सर्वांत जड कांद्याची स्पर्धा असते. २०२३ साली गर्न्सी बेटावरच्या गॅरेथ ग्रिफिन यांनी तिथे ८.९७ किलोचा कांदा मांडला आणि जागतिक विक्रम केला. हे वजन एका कांद्याचं. भाच्याने त्याचा फोटो मामांना पाठवला आणि पुढे दसऱ्याला गावी येताना ‘केल्सी’ नावाच्या वाणाचं एक पाकीट घेऊन आला. केल्सी हा स्कॉटलंडमधल्या केल्सो गावचा वाण. ब्रिटनमधले हौशी बागायतदार प्रदर्शनासाठी कांदा करायचा म्हटलं की हेच नाव आधी घेतात.

अण्णांना हौस आहे, पण ते हौसेपायी वावर घालवणारे नाहीत. त्यांचा हिशोब सरळ होता. आपण चांगल्यात चांगला माल काढतो तेव्हा एक कांदा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा भरतो. समोरच्या बियात किलोकिलोचा कांदा द्यायची ताकद असेल, तर आपल्या काळ्या जमिनीत तो निदान पाव किलोचा तरी व्हावा. ऐकायला यात काहीच चूक वाटत नाही. पुष्कळ शेतकरी आजही याच समजुतीवर बियाणं घेतात: मोठा कांदा बियात असतो, पाकीट बदललं की माल बदलतो.

पुढे जाण्याआधी एक सांगायला हवं. परदेशातून असं सामानात बी आणणं कायद्यात बसत नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना लागतो आणि त्या देशाच्या सरकारी खात्याचं रोग-किडीपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्रही लागतं. या नियमाला भक्कम कारण आहे. कांद्याच्या बियांसोबत खोडातला सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारा बारीक जंत) येऊ शकतो आणि तो एकदा जमिनीत शिरला की पुढची कित्येक वर्षं कांदा-लसणाचं नाव काढायला नको. मला हे कळलं तेव्हा रोप उगवून आलं होतं. मग तो तुकडा कडेला अलग ठेवला, त्यातलं पाणी बाकी वावरात जाऊ दिलं नाही, खुरपी वेगळी ठेवली, आणि शेवटी सगळा पाला-गड्डा जागेवर जाळला. काही वावगं आढळलं नाही. तरी हे वाचून कुणी असं पाकीट मागवू नये. का मागवू नये याचं दुसरं, जास्त पटणारं कारण पुढे येईलच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही उळी एकाच दिवशी टाकली. गादीवाफे एकाच मातीचे, एकाच शेणखताचे. ओळीत पातळ पेरणी, वरून गव्हाचं काड, झारीने पाणी. उगवण दोन्हींची चांगली झाली, उलट केल्सीचा कोंब जरा जाडच वाटला. डिसेंबरच्या मध्याला रोपांची वावरात लागण झाली. एन-२-४-१ नेहमीप्रमाणे १५ बाय १० सेंटिमीटरवर, आणि केल्सी भाच्याने सांगितलं म्हणून हातभर अंतरावर एकेक रोप.

जानेवारीत ते रान बघायला लोक थांबायचे. केल्सीची पात रुंद, निळसर, वर मेणाचा हात फिरवल्यासारखी. शेजारचा आपला कांदा तिच्यापुढे पोरका दिसत होता. फेब्रुवारीच्या मध्यापासून मात्र चित्र फिरलं. एन-२-४-१ च्या बुडाशी माती फुटू लागली, कांदा वर येऊ लागला. केल्सीच्या बुडाशी मातीला तडा नाही. अण्णांनी युरियाचा जादा हात दिला. मार्च गेला, आपल्या कांद्याच्या माना मऊ पडायला लागल्या, म्हणजे काढणी जवळ आली, आणि अण्णांचा फोन आला: “पात लय जोमात हाय, पण कांदा धरंना. या एकदा, बघून जा.”

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या कांद्याच्या निम्म्याहून जास्त माना पडल्या आणि काढणी झाली. केल्सी तशीच उभी, हिरवीगार, मान तीन बोटं जाड. त्यातली दोन-तीन रोपं डोंगळ्यावर आली होती. ते डोंगळे अण्णांनी कळीतच मोडून टाकले होते, कारण पलीकडे त्यांचा बियाण्याचा डोंगळा फुलात होता आणि मधमाशीला बांध कळत नाही. हे त्यांनी कुणी न सांगता केलं. उळं सांभाळणाऱ्या माणसाची नजर ही अशी असते.

एक केल्सी आणि एक आपला कांदा उपटून, धुऊन, बांधावर ठेवला आणि विळ्याने दोन्हींचे उभे छेद घेतले. केल्सीच्या बुडाशी जेमतेम फुगवटा होता. आत नळीत नळी, तिच्यात आणखी नळी, आणि प्रत्येक नळी वर जाऊन एका हिरव्या पातीला जोडलेली. अगदी मधल्या कोंबापर्यंत तेच. आपल्या कांद्यात बाहेरचे थर तसेच पातीला जोडलेले होते, पण आत गेलं की जाड, पांढरे, रसाने भरलेले थर लागत होते आणि त्यांना वर पातच नव्हती. ते थर उगवलेच होते साठवणीसाठी. रोपाने एका ठरावीक दिवसापासून पात काढणं बंद केलं आणि बुडात माल भरायला घेतला, त्याची ती खूण. केल्सीत असा बिनपातीचा एकही थर नव्हता. तिच्या लेखी तो दिवस उजाडलाच नव्हता.

अण्णांच्या मनात तीन संशय होते. बी जुनं असेल, हा पहिला. कांद्याचं बी खरंच लवकर मरतं, साध्या ठेवणीत वर्षभरातच त्याची उगवण घसरते, म्हणून संशय रास्त होता. पण जुनं बी उगवत नाही किंवा लुळं उगवतं. इथे उगवण जोमदार होती. दुसरा संशय खताचा. नत्र कमी पडलं असतं तर पात पिवळी पडली असती आणि झाड खुजं राहिलं असतं. इथे उलटच दिसत होतं. जादा युरियाने मान आणखी जाड झाली, एवढाच त्याचा परिणाम. तिसरा संशय जमिनीचा. त्याचं उत्तर दोन हातांवर, त्याच मातीत, एन-२-४-१ ने दिलं होतं.

राहिला दिवस. इथे दिवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा वेळ.

कांदा कधी धरायचा हे रोप पातीने ठरवतं. पात दिवसाची लांबी मोजते. प्रत्येक वाणाचा एक उंबरठा असतो. दिवस त्या उंबरठ्याच्या पुढे गेला की पातीतून बुडाकडे निरोप जातो आणि साठवण सुरू होते. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१३ साली हा निरोप नेमका कोणत्या जनुकांतून जातो ते दाखवलं. एक जनुक कांदा धरायला लावतं, दुसरं त्याला अडवून ठेवतं, आणि दिवस पुरेसा मोठा झाला की अडवणारं मागे हटतं. फुलोऱ्याचं जनुक तिसरंच, ते थंडीने जागं होतं. म्हणूनच केल्सीच्या दोन-तीन रोपांना निफाडच्या थंडीने डोंगळा आला, पण एकालाही कांदा आला नाही. थंडी त्यांना मिळाली, दिवस मिळाला नाही.

आता आकडे बघा. निफाड साधारण २० अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस, डिसेंबरात, ११ तासांच्या किंचित आत असतो. सर्वांत मोठा, जूनमध्ये, सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे. लीड्स ५४ अक्षांशाच्या जवळ. तिथे डिसेंबरात साडेसात तासांचा दिवस आणि जूनमध्ये १७ तासांचा. केल्सीसारख्या उत्तरेकडच्या वाणांना धरायला १४ तासांच्या वरचा दिवस लागतो. लीड्सला १४ तासांचा टप्पा एप्रिलच्या मध्यालाच ओलांडला जातो. निफाडला वर्षाच्या ३६५ दिवसांत एकदाही नाही. खत कितीही द्या, पाणी कितीही द्या, ती वेळ येतच नाही. आपले उन्हाळ वाण ११-१२ तासांवर काम सुरू करतात आणि आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात नेमका तेवढा दिवस असतो. ऊनही तेव्हाच चढायला लागतं आणि ते या कामाला आणखी घाई करतं.

हेच उलटं केलं तर? आपलं उळं लीड्सला नेऊन एप्रिलमध्ये लावलं तर पहिल्या दिवसापासून त्याचा उंबरठा ओलांडलेला असेल. चार पाती फुटेस्तोवर ते धरायला लागेल आणि हाती येईल ती चिंगळी, म्हणजे अगदी बारीक कांदे. भाच्याने हौसेने तोही विचार बोलून दाखवला होता.

भारतातही लांब दिवसाचे वाण आहेत, पण ते डोंगराळ उत्तरेत. काश्मीर-हिमाचलात ब्राऊन स्पॅनिश घेतात, कारण श्रीनगरला जूनमध्ये दिवस १४ तासांच्या वर जातो आणि हवा तरीही थंड असते. महाराष्ट्रात ते बी आणून उपयोग नाही.

इथवर केल्सी का धरली नाही, हे कळलं. पण अण्णांचा मूळ प्रश्न उरतोच: कांदा मोठा कशाने होतो? माझ्या मते या प्रकरणातला खरा ऐवज इथे आहे, आणि तो केल्सीच्या तुकड्यात सापडला नाही. तो अण्णांच्याच लांबच्या वावरात सापडला.

यॉर्कशरचा, म्हणजे लीड्स-हॅरोगेटच्या भागातला, हौशी माणूस काय करतो ते आधी बघू. तो उळं नाताळच्या सुमारास टाकतो, पुष्कळांचा मुहूर्त २६ डिसेंबर हा असतो, आणि मोठ्या स्पर्धेतले लोक तर त्याच्याही आधी टाकतात. बाहेर बर्फ असतं, म्हणून रोप काचघरात, उबेला, दिव्याखाली वाढवतात. एप्रिलपर्यंत ते रोप पात काढत राहतं. मे-जूनमध्ये मोठ्या दिवसाने कांदा धरायला लागतो तेव्हा झाड चांगलं थोराड झालेलं असतं आणि त्यानंतरही पुढचे तीन महिने हवा थंड राहते, म्हणून भरण सावकाश, लांबपर्यंत चालते. प्रत्येक झाडाला चारी बाजूंनी दीड फूट जागा. थोडक्यात, धरायची वेळ येण्याआधी रोपाला जास्तीत जास्त पात जमवू देणं आणि धरल्यानंतर भरायला जास्तीत जास्त दिवस देणं, यावर त्यांची सगळी मेहनत असते.

प्रत्येक पातीचं बूड म्हणजे कांद्याचा एक थर. धरण्याच्या वेळी दहा-बारा पाती असतील तर तितके थर फुगणार आणि आतल्या थरांना भरवायला तितक्या पाती अन्न शिजवणार. सहा पाती असतील तर गोल्टी, म्हणजे बारका कांदा, ठरलेली. मागाहून कितीही खत टाकलं तरी जी पात फुटलीच नाही तिचा थर येणार नाही.

अण्णांच्या लांबच्या वावरात त्याच वर्षी लागण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाली होती. कारण नेहमीचंच: डिसेंबरात लागणीच्या टोळ्या मिळाल्या नाहीत, ज्या होत्या त्या आगाऊ उचल दिलेल्यांकडे गेल्या. रोप तेच, उळं तेच, खत तेच. विहिरीजवळच्या, डिसेंबरात लावलेल्या तुकड्यात माल एकसारखा, मुठीएवढा निघाला. लांबच्या वावरात गोल्टीचाच भरणा. अण्णा इतकी वर्षं याचा दोष जमिनीला देत आले होते. “ते रान हलकं हाय,” असं ते म्हणायचे.

मी त्यांना दोन तारखा विचारल्या, लागणीची आणि काढणीची. लागणीत पाच आठवड्यांचा फरक होता. माना पडल्या त्या मात्र जेमतेम पंधरवड्याच्या फरकाने. मग हे मधले तीन आठवडे गेले कुठे? ते पातीच्या वाढीतून गेले. दिवस कोणासाठी थांबत नाही. फेब्रुवारी संपता संपता तो आपल्या वाणाच्या उंबरठ्याशी येतो, ऊन मागून रेटतं, आणि झाड जिथे असेल तिथून धरायला लागतं. थंडीच्या दिवसांत कांदा साधारण आठवडा-दहा दिवसांना एक पात काढतो. लांबच्या वावरातलं रोप त्या काळात वाफ्यात दाटीत अडकून पडलं होतं, आणि लागणीनंतर मुळं धरण्यात त्याचे आणखी दिवस गेले. तीन-चार पातींचा तो तोटा होता. पुढच्या वेळी जमिनीला दोष देताना अण्णा थांबले, आणि मला वाटतं, या सगळ्यातून मिळालेलं सर्वांत मोलाचं हेच. लांबच्या वावराची माती तपासून आणली तेव्हा तीही दोष देण्यासारखी निघाली नाही.

मग अण्णांनी विचारलं ते अगदी बरोबर होतं: “असं असंल तर उळं सप्टेंबरातच टाकू की. पात भरपूर होईल.” इथे निफाडची थंडी आडवी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या किमान तापमानाचे आकडे दर हिवाळ्यात बातम्यांत येतात, ते उगाच नाही. पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. रोप कोवळं, बारीक असेल तर थंडी त्याला काही करत नाही. पण पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप आठवडेच्या आठवडे अशा थंडीत राहिलं की त्याच्यात फुलोऱ्याची तयारी होते आणि पुढे डेंगळे, म्हणजे अवेळी आलेले फुलांचे दांडे, येतात. डेंगळ्याच्या कांद्याला मधोमध लाकडासारखा दांडा असतो, तो टिकत नाही आणि व्यापारी तो बाजूला काढतो. म्हणजे मागे सरकायला जागा आहे, पण बेताची. आपल्या भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उळं, आणि ५०-५५ दिवसांचं रोप डिसेंबरात लागणीला. याच खिडकीत मोठा कांदा आहे.

पुढच्या रब्बीत आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. सगळा कांदा या खिडकीत लावायचा प्रयत्न करायचा. आणि एका पट्ट्यात मुद्दाम मोठा कांदा काढून बघायचा, घरच्याच एन-२-४-१ पासून.

उळ्यापासूनच सुरुवात केली. बरेच जण वावरात आलेले डेंगळे राखून त्यांचंच बी धरतात, कारण ते आयतं मिळतं. याने दरवर्षी लवकर डेंगळणाऱ्या झाडांचीच निवड होते आणि पुढच्या पिढीत डेंगळे वाढत जातात. अण्णा हे कधीच करत नाहीत. ते चाळीत पाच-सहा महिने टिकलेला, बारीक मानेचा, एका डोळ्याचा कांदा निवडून नोव्हेंबरात डोंगळ्यासाठी लावतात. एक डोळा आहे की नाही हे बघायला ते कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा कापतात. मधोमध एकच गाभा दिसला तर ठेवतात, दोन दिसले तर घरात भाजीला. खालचा हिस्सा मुळासकट लावला की तो छान फुटतो. मोठ्या कांद्याच्या बाबतीत ही निवड फार महत्त्वाची, कारण जागा आणि नत्र जास्त मिळालं की जोड, म्हणजे एकात दोन जुळलेला, कांदा होण्याकडे झाडाचा ओढा असतो.

वाफ्यात उळं नेहमीपेक्षा पातळ पेरलं. ग्रॅमभर उळ्यात अडीचशे-तीनशे दाणे असतात, हात थोडा सैल सुटला तरी दाटी होते आणि दाटीतलं रोप लांबट, पिवळट निघतं. लागणीच्या वेळी अति जाड आणि अति बारीक रोप बाजूला काढलं. अति जाड का काढलं, याचं मजूर बायकांना नवल वाटलं. “चांगलंच रोप टाकून देता का भाऊ?” असं एका मावशींनी विचारलं. डेंगळ्याचं कारण सांगितल्यावर त्यांनी ते इतरांना आमच्यापेक्षा चांगलं समजावलं.

मुख्य वावरात अंतर नेहमीचं, १५ बाय १०. पट्ट्यात २० बाय १५. अंतराचा परिणाम फक्त अन्न-पाण्याच्या वाटणीपुरता नसतो. दाट लागणीत झाडं एकमेकांच्या सावलीत येतात आणि पातीतून गाळून आलेल्या उजेडाने कांदा थोडा आधीच धरायला लागतो. तणाची सावलीही तेच करते. म्हणून पहिल्या दीड महिन्यात खुरपणी चुकली तर नुसतं खत पळवलं जात नाही, पातीही कमी होतात.

नत्राबद्दल राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस पाळली: रब्बीला हेक्टरी ११० किलो, तिसरा हिस्सा लागणीला, उरलेलं दोन समान हप्त्यांत ३० आणि ४५ दिवसांनी. त्यानंतर युरियाचं पोतं घरात ठेवलं. यावरून अण्णांचा आणि माझा थोडा वाद झाला. कांदा फुगायला लागला की त्याला खत द्यावं, असं त्यांना मनापासून वाटतं आणि पुष्कळांना तसं वाटतं. पण साठ दिवसांनंतर दिलेलं नत्र पुन्हा पात काढायला लावतं, मान जाड होते, जोड वाढतो, आणि चाळीत तोच कांदा आधी सडतो. फुगवणीच्या काळात कांद्याला नेमाने पाणी हवं असतं. पाळी लांबवून मग एकदम भरपूर पाणी दिलं की कांदा तडकतो. फुलकिड्यांकडे जानेवारीच्या अखेरीपासून लक्ष ठेवलं, कारण खरवडलेली, चंदेरी पडलेली पात कांद्याला असून नसल्यासारखी. काढणीच्या आधी दहा-बारा दिवस पाणी तोडलं.

पट्ट्यातला माल बघायला पुन्हा लोक जमले. दोन्ही हातांत धरावा लागेल असा कांदा नव्हता, पण एका मुठीत मावेना असे भरपूर निघाले. पाव किलोची अण्णांची मूळ अपेक्षा होती, ती पुष्कळ कांद्यांनी पुरी केली आणि काही तिच्या पुढेही गेले. ते केल्सीच्या जोरावर झालं नाही, घरच्या उळ्यावर झालं.

आता व्यवहार. पट्ट्यात झाडांची संख्या निम्मी होती. बरेच कांदे दुप्पट झाले तरी एकूण वजन मुख्य वावराच्या बरोबरीला पोचलं नाही. जोड नेहमीपेक्षा जास्त निघाले. चाळीत पावसाळ्याच्या तोंडाला पहिला वास सुटला तो याच मालाला. मोठ्या कांद्याची मान नीट वाळत नाही, आतल्या थरात ओल राहते. बाजार समितीत मोठ्या मालाला हॉटेलवाल्यांसाठी घेणारा भेटला तर भाव बरा मिळतो, पण साठवणीसाठी आणि लांबच्या वाहतुकीसाठी व्यापाऱ्याला साधारण साडेचार ते सहा-साडेसहा सेंटिमीटरचा, एकसारखा, बारीक मानेचा कांदाच हवा असतो. म्हणून एकराएकरावर पाव किलोचा कांदा काढण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही. काढणीनंतर महिनाभरात थेट गिऱ्हाईक असेल तर पट्टा जरूर करावा.

अण्णांना जास्त पैसे मिळाले ते मुख्य वावरात. तिथे अंतर तेच, खत तेच किंवा थोडं कमी, पण लागण डिसेंबरातच उरकली होती, आणि गोल्टीचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं घटलं. प्रतवारी करणाऱ्या बायकांनीच ते पहिल्यांदा बोलून दाखवलं.

लांबच्या वावराचा गुंता मात्र सुटलेला नाही. मजुरांची टोळी एकाच पंधरवड्यात दोन्हीकडे मिळत नाही, आणि उशिरा लागण केली की काय होतं हे आता अण्णांना पक्कं ठाऊक आहे. दोन वाटा समोर आहेत. एक, तिथे कांद्याऐवजी हरभरा करायचा. दुसरी, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात बरेच शेतकरी करतात तसं उळं पेरणी यंत्राने थेट वावरातच पेरायचं, म्हणजे लागणीची मजुरी आणि रोप उपटण्यात जाणारे दिवस दोन्ही वाचतात. पेरलेल्या कांद्यात विरळणी करावी लागते आणि सुरुवातीचे दोन महिने तण आवरणं फार जड जातं, कारण कांद्याचं कोवळं रोप तणापुढे टिकत नाही. अण्णांचा कल पेरणीकडे आहे. येत्या हंगामात अर्ध्या वावरात हरभरा आणि अर्ध्यात पेरणीचा कांदा, असं ठरलं आहे. त्यासाठी उळ्याची उगवण आधी घरी ओल्या गोणपाटात तपासून घ्यायची, कारण थेट पेरणीत ओळीत पडलेला खळगा नंतर रोपाने भरता येत नाही.